जेवढं फुटलं तेवढं वेचायचं

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागिरीला आपल्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लिहून काढलं आहे. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



सचिव साहेबांनी मला वेळ मोठी छान दिली आहे. मी विचारलं, किती मिनिटं बोलू? ते म्हणाले, "मॅडम, दूध आटेपर्यंत बोला." म्हणजे माझं भाषण त्या कोपऱ्यातल्या गॅसवर अवलंबून आहे. तिथे उभ्या असलेल्या काकूंना माझी विनंती एवढीच की आच मोठी करू नका. दूधही लागेल आणि माझंही भाषण करपेल.

विषय दिला आहे 'निवृत्तीनंतरचा छंद'. पण छंद म्हटलं की वेळ जात नाही म्हणून करायची गोष्ट, असं वाटतं. मला बोलायचं आहे ते थोडं वेगळं आहे. आयुष्याच्या शरदात, म्हणजे केस पांढरे झाल्यावर, एखादं काम मनापासून हाती घेतलं तर ते किती घाईनं करावं आणि किती सावकाश? मी यात एकदा घाई करून चुकले, आणि एकदा उशीर करून चुकले. दोन्ही चुका सांगते.

आपण राजापेठेतली माणसं. घाई म्हणजे काय हे आपल्याला रेल्वे फाटकानं शिकवलं. पूल नव्हता तेव्हाचे दिवस जुन्या सभासदांना आठवत असतील. बडनेऱ्याकडून गाडी यायची असली की फाटक लागायचं. आपली स्कूटर पुढे, मागे ऑटो, त्याच्यामागे ऊस नाहीतर कडबा लादलेलं काहीतरी, आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. गाडी मात्र आपल्या चालीनं यायची. हॉर्न वाजवून ती कधी लवकर आली असं मला आठवत नाही. मी शाळेत शिकवायला जायची. त्या फाटकावर मी कितीदा मनातल्या मनात ठरवलं असेल, की एकदा रिटायर झाले न, की मग आईची गाणी लिहून काढीन.

ती गाणी म्हणजे भुलाबाईची गाणी. इथल्या लहान मुलींपैकी कितीजणींनी भुलाबाई मांडलेली पाहिली आहे? हात वर करा पाहू. चार. बरं, चार तर चार.

पुण्या-कोल्हापूरकडे भोंडला किंवा हादगा असतो. आपल्याकडे वऱ्हाडात आणि तिकडे खानदेशात भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला ती बसायची आणि आजच्या दिवशी, म्हणजे कोजागिरीला, तिची बोळवण. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, तिच्या मांडीवर बाळ. ज्वारीच्या धांड्यांचा मखर. म्हातारी माणसं सांगायची की ही पार्वती आणि हे शंकर. संध्याकाळ झाली की मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या, आणि मग खिरापत ओळखायची. डबा हलवून, वास घेऊन, घरच्या बाईला भंडावून सोडून. ओळखलं नाही तर पोरी हरल्या, ओळखलं तर त्या बाईची फजिती. आता कितीतरी घरी महिन्याचे पाच दिवस झाले आहेत, काही घरी एकच, कोजागिरीचा.

या गाण्यांची एक गंमत आहे. ती कुणी एकीनं बसून लिहिलेली नाहीत. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते, सासू सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, दीर नणंदेकडे. अशी साखळी असते. त्या साखळीत गावोगावच्या मुलींनी आपापली कडी जोडली. कुणी आपल्या नदीचं नाव घातलं, कुणी सोनाराचं, कुणी न आवडणाऱ्या काकूचं. माझी आई दर्यापूरकडची, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. तिच्या गाण्यांत तिच्या गावच्या बायकांच्या ओळी होत्या. त्या ओळी दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हत्या. त्या बायका गेल्या, गाव बदललं, आणि त्या ओळींचा पत्ता उरला तो आपल्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या घरी, खिडकीजवळच्या दिवाणावर.

तिला तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. शेवटची काही वर्षं ती माझ्याकडेच होती. लिफ्ट बंद पडली की "बरं झालं बाप्पा, आता कोनी मले खाली नेत नाही" असं म्हणणारी तीच.

मी निवृत्त झाले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. निरोपाच्या समारंभात मिळालेली शाल घडी करून ठेवली आणि दुसऱ्याच आठवड्यात शंभर पानी रजिस्टर आणलं. मोबाईलमध्ये आवाज कसा धरायचा हे मुलाकडून शिकून घेतलं. वेळापत्रक केलं. मास्तरीण न मी! रोज सकाळी दहा ते अकरा, आई आणि गाणी. तीन महिन्यांत पुस्तक तयार, दिवाळीला छापायला. जून महिना होता, दारात पाऊस होता, आणि मी आईसमोर रजिस्टर उघडून बसले. म्हटलं, आई, सांग.

आई म्हणाली, "काय सांगू?"

"भुलाबाईची गाणी."

"आता काहून? भुलाबाईले टाइम हाय न अजून."

तिच्या हिशेबानं ते बरोबर होतं. जिचा महिना नाही तिची गाणी म्हणायची नसतात. पण मला ते कारण वाटलं नाही, हट्ट वाटला. मी रोज बसवत राहिले. ती दोन ओळी म्हणायची आणि तिसरीला अडायची. मी म्हणायची, आठव न, आठव. ती कपाळाला हात लावायची. पंधरा दिवसांत रजिस्टरात सव्वा पान झालं आणि त्यातलंही अर्धं खोडलेलं. एके दिवशी मी जरा जोरातच म्हणाले, "अगं, तुलाच येत नाहीत तर मग कोणाला येणार?" ती रडायला लागली. म्हणाली, "मले सगळं येत होतं व. तू असं इचारते न, तं सगळं पळून जाते."

त्या दिवशी मी रजिस्टर कपाटात टाकलं. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेली मी, आईला परीक्षेला बसवून नापास करत होते.

मग आषाढ, श्रावण गेले. गणपती झाले. भाद्रपदाच्या पौर्णिमेनंतरची गोष्ट. ऊन असं तापलेलं, आपला तो ऑक्टोबरचा ताप, पण संध्याकाळी वारा फिरलेला. आई दिवाणावर बसून नवरात्रासाठी वाती वळत होती. मी स्वयंपाकघरात. आणि मला तिचा आवाज आला. बारीक, स्वतःशीच. भुलाबाईचं एक गाणं ती म्हणत होती, आणि त्यातली तिसरी ओळ, चौथी ओळ, सातवी ओळ, सगळ्या जागच्या जागी. हात वातीवर चालत होता, त्या चालीवर गाणं येत होतं.

मी रजिस्टर आणायला धावले नाही. एवढी अक्कल तोवर आली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीनं एक ओळ लिहिली. जेवढी लक्षात राहिली तेवढी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चौकोनात दुसरी. चौकोन लहान असतो, एका ओळीपेक्षा जास्त मावत नाही. माझी सगळी घाई त्या चौकोनानं मोडली.

आठ-दहा दिवसांनी आईनं ते पाहिलं. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "आता बरोबर करून राहिली तू. जेवढं फुटलं तेवढंच येचा लागते. बोंड का हातानं फोडाचं असते?"

आपल्यापैकी बऱ्याच जणांची शेती आहे, निदान होती. तरी शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगते. कापूस जूनमध्ये पावसाबरोबर पेरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटायला लागतात. पण सगळी एकदम फुटत नाहीत. खालच्या फांदीवरचं आधी, वरचं नंतर. म्हणून वेचणी एकदा होत नाही. पहिला वेचा, मग पंधरा-वीस दिवसांनी दुसरा, मग तिसरा. पहिल्या वेचणीच्या आधी बाया शेतात सीतादही करायच्या. पूजा, दहीभाताचा नैवेद्य, आणि मगच ओटीत कापूस. न फुटलेलं बोंड ओढून घेतलं तर हातात कवडी येते, ओलसर, घट्ट, भाव नसलेली. हे झालं घाईचं. आणि फुटलेलं बोंड तसंच झाडावर ठेवलं तर? वाऱ्यानं कापूस लोंबतो, खाली पडतो, वाळला पाला चिकटतो; अवकाळी पाऊस आला तर पिवळा पडतो. हे झालं उशिराचं. शेतकरी बाईला दोन्ही कळतं. आईनं उभी जवानी हे केलं होतं, म्हणून तिला एका वाक्यात सांगता आलं. मला मराठीची एवढी पुस्तकं शिकवून ते समजलं नव्हतं.

त्या वर्षी कॅलेंडरवर तीसेक ओळी झाल्या. कोजागिरी झाली आणि आईनं दुकान बंद केलं. "गेली भुलाबाई. आता पुढच्या साली." मी मुकाट्यानं वर्षभर थांबले. पुढच्या शरदात आणखी ओळी आल्या, आणि गंमत म्हणजे पहिल्या वर्षी जिथे ती अडली होती तिथल्या ओळी दुसऱ्या वर्षी आपोआप आल्या. तिसऱ्या शरदापर्यंत माझी सवय मुरली होती. एका दिवशी तीन ओळी आल्या तर तीन, नाही आली तर चौकोन रिकामा. तीन शरदांत मिळून एकोणीस गाणी पुरी झाली आणि चार अर्धी राहिली.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षांत एकोणीस गाणी, ही काय चाल झाली? मलाही असं वाटायचं. मग मी आपल्याच गावच्या एका मोठ्या माणसाकडे पाहिलं.

कविवर्य सुरेश भट अमरावतीचे. 15 एप्रिल 1932 चा त्यांचा जन्म, इथलाच. लहानपणी पोलिओ झाला आणि पाय कायमचा अधू झाला. त्यांच्या आईला कवितेची आवड होती आणि ती मुलात उतरली. मराठी गझल म्हटलं की आज त्यांचंच नाव आधी येतं. त्यांच्या संग्रहांची सालं मी एकदा कागदावर मांडली. 'रूपगंधा' 1961. 'रंग माझा वेगळा' 1974. 'एल्गार' 1983. 'झंझावात' 1994. 'सप्तरंग' 2002. आता मधली अंतरं पाहा. तेरा वर्षं, नऊ वर्षं, अकरा वर्षं, आठ वर्षं. एक्केचाळीस वर्षांत पाच संग्रह. आणि शेवटचा संग्रह आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 14 मार्च 2003 ला, ते गेले.

या तेरा-तेरा वर्षांत ते गप्प बसले नव्हते. लिहीत होते, मैफिलीत म्हणत होते, नव्या लिहिणाऱ्यांना पत्रांतून शिकवत होते. 'गझलेची बाराखडी' म्हणून त्यांनी छोटी पुस्तिकाच केली, म्हणजे नवख्या माणसाला गझलेचे नियम कळावेत. गझलेची रचनाही अशी की प्रत्येक शेर आपापल्या जागी पुरा असतो. दोन ओळींत एक गोष्ट संपते. यमक आणि अन्त्ययमक सांभाळायचं, वृत्त सांभाळायचं, आणि पुढचा शेर येईपर्यंत थांबायचं. आज एक शेर आला, उद्या नाही आला, तरी आजचा शेर वाया जात नाही. माझ्या चौकोनातल्या एका ओळीला मला या हिशेबानं मोठा धीर आला. त्यांच्या प्रतिभेशी माझी बरोबरी नाही हे सांगायला नको. पण चाल कुणाचीही उचलता येते.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण इथल्या साठीपुढच्या मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. इंग्लंडात मेरी डिलेनी नावाची एक बाई होती. जन्म 1700 सालचा. नवरा गेला, वय झालं, आणि बहात्तराव्या वर्षी, 1772 मध्ये, तिनं रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. काळ्या कागदावर एकेक पाकळी, एकेक पुंकेसर कापून चिकटवायचा. फूल समोर ठेवून, इतकं हुबेहूब की झाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी वाखाणावं. दहा वर्षं तिनं हे केलं. नजर गेली तेव्हा थांबली. तोवर जवळजवळ हजार फुलं झाली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हजार हा आकडा मोठा वाटतो. पण दहा वर्षांनी भागा. आठवड्याला दोनच फुलं होतात. आठवड्याला दोन फुलं आपल्यापैकी कुणीही कापू शकेल. दहा वर्षं कापत राहणं, तेवढं मात्र जमवावं लागतं.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की मॅडम म्हणताहेत, सावकाश करा, घाई काय आहे. आता माझी दुसरी चूक सांगते. ती सांगायला मला जड जाते, पण आज सांगायचं ठरवलं आहे.

आम्हा भावंडांना झोपवताना आई एक गाणं म्हणायची. ते भुलाबाईचं नव्हतं, कोणत्याच सणाचं नव्हतं. तिच्या आईचं, माझ्या आजीचं. त्यात आमची नावं यायची, गोठ्यातल्या गाईचं नाव यायचं, आणि शेवटी काहीतरी चंद्राचं यायचं. माझ्या मुलाच्या वेळीही तिनंच ते म्हटलं. मी ते कॅलेंडरवर लिहिलं नाही. का नाही लिहिलं? मला येतं म्हणून. आपल्याला येतंच आहे, कधीही लिहिता येईल, आधी अवघड गाणी होऊ दे. त्या गाण्याला भुलाबाईचा महिना लागत नव्हता, ते कोणत्याही दिवशी मिळालं असतं. म्हणूनच त्याचा दिवस कधी आला नाही.

तिसऱ्या शरदानंतरच्या ज्येष्ठात आई गेली. झोपेतच गेली, त्रास नाही झाला. तुम्ही सगळे होतात, त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि या सोसायटीच्या मुलांनी तिला खांद्यावरून दोन मजले खाली नेलं, ते मी विसरले नाही.

पुढे महिनाभरानं मी ते गाणं लिहायला बसले. चाल पूर्ण आली. आमची नावं आली. गाय आली. आणि चंद्राच्या ओळीला मी अडले. भावाला फोन केला, त्यालाही तिथेच अडलं. बहिणीला फोन केला, ती म्हणाली, "तुला तर येत होतं न?" आम्हाला तिघांनाही ते येत होतं, कारण आई होती. ती ओळ अजून मिळालेली नाही.

फुटलेलं बोंड मी झाडावर राहू दिलं होतं. दिसत होतं, हाताला लागत होतं, म्हणूनच राहिलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आम्ही शाळेत शिकवायचो. त्याचा पहिला भाग 1934 मध्ये आला तेव्हा लक्ष्मीबाई सासष्ट वर्षांच्या होत्या. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकलेल्या. 1936 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. म्हणजे पहिल्या भागानंतर त्यांच्या हाती फार तर दोनेक वर्षं होती. शेवटचा भाग छापून आला तो त्या गेल्यानंतर. वर्गात मी हे साल फळ्यावर लिहायची आणि पुढे जायची. त्या दोन वर्षांचा अर्थ मला आता कळतो. त्यांनी आणखी थोडं थांबायचं ठरवलं असतं, तर मराठीला ते पुस्तक मिळालं असतं का?

तर आता मी माझ्यासाठी एक नियम केला आहे. काम सावकाश करायचं, पण रोज करायचं. आणि सोपं असेल ते आधी करायचं, कारण सोप्यालाच आपण मागे ठेवतो. पुरं करण्याची घाई नाही; आजची ओळ आज लिहिण्याची आहे.

आता आनंदाची गोष्ट सांगते आणि संपवते. दुधाचा वास इथपर्यंत आला आहे.

आईची चार गाणी अर्धी राहिली होती ना? गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या आजी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या अकोल्याकडच्या. मी सहज त्यातलं एक गाणं गुणगुणले. त्या म्हणाल्या, "असं नाही व बाई ते, आमच्याकडे असं नाही म्हनत." आणि त्यांनी पुढचं म्हटलं. माझ्या आईचं गाणं जिथं थांबलं होतं तिथून त्यांचं पुढे गेलं. चालीत थोडा फरक, नदी वेगळी, सोनार वेगळा, पण सासू तीच! मी त्यांच्या ओळी लिहून घेतल्या आणि समोर कंसात 'अकोल्याकडची' असं लिहिलं. चारपैकी दोन गाणी अशी पुरी झाली. पंचवीस वर्षं आम्ही एका जिन्यानं चढतो-उतरतो, पाण्याच्या टाकीवरून आणि पार्किंगवरून बोललो, गाड्यांवरून एकदा भांडलोसुद्धा, आणि गाण्याचा दुसरा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हणून कमिटीसमोर एक छोटी मागणी ठेवते. मेंटेनन्स वाढणार नाही, काळजी नको. सोसायटीच्या ऑफिसात, पावती पुस्तकाच्या शेजारी, एक मोठं रिकामं कॅलेंडर टांगा. दोरीला पेन्सिल बांधा. ज्याला जे आठवेल ते त्या दिवशीच्या चौकोनात लिहावं. गाणं, म्हण, एखाद्या भाजीची कृती, गोठ्यातल्या गाईचं नाव, पहिला प्लॉट पाहायला आलो तेव्हा इथे काय होतं ते. तीनशे पासष्ट चौकोन आहेत. अर्धे रिकामे राहिले तरी चालेल. पुढच्या कोजागिरीला आपण ते वाचू.

आणि मघाशी ज्या चार मुलींनी हात वर केले, त्यांनी भाषण झाल्यावर माझ्याजवळ या. टिपऱ्या मी आणल्या आहेत. तळमजल्यावरच्या आजींना लिफ्टनं वर आणलं आहे, आज ती चालू आहे. आज भुलाबाईचा शेवटचा दिवस आहे. उद्यापासून आजी काही म्हणणार नाहीत, त्याही माझ्या आईसारख्याच कडक आहेत. तेव्हा जेवढी येतील तेवढी गाणी आजच शिकून घ्या. खिरापत कोणती आहे ते मात्र मी सांगणार नाही. डबा हलवून पाहा.

काकू, गॅस बंद करा. दूध आटलं.